पिवळ्या ओळीतली चूक

वेकेसे: पण आई, तुझ्या हातून चूक झालीच कशी, ते आधी सांग.

अमेओत्से: झाली.

वेकेसे: शालीच्या पिवळ्या ओळीत लाल काटे. तेही एखादा नाही, चांगले चार बोटं लांब. कालपरवा शिकायला बसलेल्या पोरीसुद्धा असं करत नाहीत.

अमेओत्से: पोरींचे डोळे चांगले असतात.

वेकेसे: तुझ्या डोळ्यांना काय झालंय? काल इथे बसल्या बसल्या तू सांगितलंस, पलीकडच्या टेकडीवर कोणाचा घोडा लंगडतोय ते.

अमेओत्से: घोडा मोठा असतो. साळिंदराचा काटा बारीक.

वेकेसे: आणि तोंडातले काटे काढून बोल ना. दातांत धरून तू काय पुटपुटतेस ते मला कळत नाही.

अमेओत्से: काढले तर वाळतील. मऊ झाल्याशिवाय चपटे होत नाहीत. तुला कळायला हवं तेवढं कळतंय.

वेकेसे: बरं, मग उसवून टाक. आरी दे इकडे, मीच उसवते. कोण बघतंय?

अमेओत्से: हात लावू नकोस.

वेकेसे: चार बोटं तर आहे.

अमेओत्से: तू आमच्या काटे भरणाऱ्या बायकांच्या मंडळात बसली असतीस तर हे बोलली नसतीस. तुला बोलावलं होतं. तू म्हणालीस, पाठ दुखते.

वेकेसे: दुखत होती.

अमेओत्से: चुकलेली ओळ बाईने उसवायची नसते. ज्याने लढाईत शत्रूचे केस कापून आणलेत त्यानेच ती काटे धरून ठेवणारी तात कापायची. आणि ते केस कसे कापले ते सांगत सांगत कापायची.

वेकेसे: माहीत आहे गं. छावणीतल्या कुत्र्यालाही माहीत आहे. मी आपलं म्हटलं, एकदा.

अमेओत्से: ही शाल तुझ्यासाठी नवस म्हणून बोललेली आहे. तू बाळंतपणातून धड उठावीस म्हणून. चुकलेली शाल अंगावर घेऊन मूल जन्माला घालायचं असेल तर घे आरी.

वेकेसे: नको.

अमेओत्से: मग ठेव खाली.

वेकेसे: ठेवली. मग बोलवायचं कोणाला? सगळे पुरुष गव्यांच्या मागे गेलेत. कळप सापडला असेल तर एवढ्यात येत नाहीत, आणि सापडला नसेल तर लाजेने येत नाहीत. माझे दिवस तर भरत आले. मागे राहिलेत म्हातारे, पोरं आणि पाय मोडलेला माझा नवरा.

अमेओत्से: हं.

वेकेसे: म्हातारा वोआखे आहे की. त्याने त्याच्या तरुणपणी आणले होते केस.

अमेओत्से: तो नको.

वेकेसे: का?

अमेओत्से: मागच्या वेळी त्याने चुकलेली ओळ सोडून चांगली ओळ कापली. ती पुन्हा भरायला त्या बिचारीचा हिवाळा गेला. शिवाय त्याचा शत्रू दर वेळी आणखी उंच होतो. आता तर त्याचे केस कापायला वोआखेला झाडावर चढावं लागलं असेल.

वेकेसे: उंच तर उंच. केस तर खरे आहेत. जाऊन सांगते त्याला.

अमेओत्से: तो छावणीत नाही. नदीवर गेलाय.

वेकेसे: वोआखे? त्याला राहुटीच्या दारापर्यंत यायला दोन काठ्या लागतात.

अमेओत्से: दोन्ही घेऊन गेला.

वेकेसे: मग राहिलं कोण? आई, नाही. हे मनात असेल तर काढून टाक.

अमेओत्से: मी काही बोलले नाही.

वेकेसे: म्हणूनच म्हणते. माझं लग्न झाल्यापासून रिवाज म्हणून तू जावयाचं तोंड पाहिलेलं नाहीस, त्याने तुझं पाहिलेलं नाही. तो पाण्याला निघाला की तू डोक्यावरून शाल ओढतेस, तू दिसलीस की तो झाडाला तोंड लावून उभा राहतो. मागच्या थंडीत तुम्ही दोघं एका वाटेवर समोरासमोर आलात तेव्हा तो सरळ नदीत उतरला. बर्फाच्या पाण्यात. छाती मी शेकली त्याची, तू नाही.

अमेओत्से: चांगला जावई आहे.

वेकेसे: चांगला आहे म्हणूनच त्याला जिवंत ठेवायचाय मला.

अमेओत्से: मी मंडळातल्या मोठ्या आजीला विचारलं. ती म्हणाली, मध्ये पडदा बांधा. शाल पडद्याखालून त्याच्याकडे सरकवा. तो सांगेल ते शालीला सांगेल, मला नाही. नियम कापणाऱ्याचा आहे, म्हणाली, नात्याचा नाही.

वेकेसे: म्हणजे तू आधीच विचारूनही आलीस?

अमेओत्से: वाटेत भेटली.

वेकेसे: तिची राहुटी आपल्या वाटेत नाही.

अमेओत्से: मी वाट वाकडी केली.

वेकेसे: आई, हे बघ. त्याच्याकडे सांगण्यासारखं एकच आहे.

अमेओत्से: एकच लागतं.

वेकेसे: ते त्या दिवसाचं आहे. दादाच्या दिवसाचं.

अमेओत्से: मला माहीत आहे कोणत्या दिवसाचं आहे ते.

वेकेसे: मग परत कशाला ऐकायचं? मी सांगितलंय ना तुला सगळं. शूर होता, एकटा शत्रूवर उलटून गेला, बाण लागला आणि पटकन गेला. त्याला कळलंसुद्धा नाही.

अमेओत्से: दवंडीवाल्यानेही हेच सांगितलं. शूर होता, एकटा उलटून गेला, पटकन गेला, कळलंसुद्धा नाही. अगदी शब्दाला शब्द. तुमच्या दोघांचं इतकं सारखं कसं गं?

वेकेसे: कारण तसंच घडलं.

अमेओत्से: बरं.

वेकेसे: बरं म्हणजे काय?

अमेओत्से: बरं म्हणजे जा आणि त्याला बोलाव. सुरी धारेची आणायला सांग. आणि सावकाश चाल, पोट सांभाळून.

(थोड्या वेळाने, वेकेसेच्या राहुटीमागे. तिचा नवरा होतोके पाय लांब करून जुनं खोगीर शिवत बसला आहे.)

होतोके: नाही.

वेकेसे: मी अजून तोंड उघडलेलं नाही.

होतोके: तू हात कमरेवर ठेवून आलीस की मला आधी नाही म्हणून ठेवलेलं बरं पडतं. नंतर हो म्हणायला जागा राहते.

वेकेसे: आईच्या शालीत चूक झालीय. तात कापायला माणूस हवाय.

होतोके: वाईट झालं. कोण कापणार?

वेकेसे: तू.

होतोके: त्या कुठे असतील तेव्हा?

वेकेसे: शाल तिची आहे. कुठे असणार? शालीच्या दुसऱ्या टोकाला.

होतोके: किती लांब आहे शाल?

वेकेसे: बाळंतिणीला पुरेल एवढी.

होतोके: मी शिकारीला जातो. गेलो तर दुपारपर्यंत गाठेन त्यांना.

वेकेसे: पाय मोडलाय तुझा.

होतोके: माझा मोडलाय. घोड्याला काय झालंय?

वेकेसे: होतोके, थट्टा नको. मध्ये पडदा आहे. मोठ्या आजीने परवानगी दिलीय. दुसरा कोणी माणूस नाही.

होतोके: वोआखे आहे की.

वेकेसे: तो नदीवर गेलाय.

होतोके: तो गेला नाही, त्याला घालवला. सकाळी इथे येऊन बसला होता बराच वेळ. तुझ्या आईने त्याला मूठभर तंबाखू दिली आणि सांगितलं, नदीवर जाऊन बस, अंधार पडेपर्यंत येऊ नकोस, मासे बघ. म्हातारा मला विचारत होता, मासे कोणाचे हरवलेत.

वेकेसे: आईने पाठवलं त्याला?

होतोके: त्याच्याकडे तंबाखू तर होती. चांगली होती. मलाही दिली थोडी.

वेकेसे: म्हणजे तिला कापणारा नकोच होता. तिला ऐकायचंय. तुझ्याकडून.

होतोके: मला तसं वाटायला लागलंय कधीपासून. तुम्ही जेवायला बसता तेव्हा मी बाहेर असलो की त्या मोठ्याने बोलतात, त्या दिवसाबद्दल. मी ऐकतोय हे माहीत असल्यासारख्या.

वेकेसे: मला नाही सांगितलंस कधी?

होतोके: तू तिथेच असायचीस. तूच विषय बदलायचीस.

वेकेसे: हे बघ. तू जा, काप. पण सगळं सांगू नकोस. शत्रूचं सांग. दादाचं नको.

होतोके: तो शत्रू तुझ्या दादाच्या, ओकोहोमेच्याच मागे आला होता. ओकोहोमेला मधून काढला तर तो पॉनी जमातीचा माणूस तिथे आला कशाला?

वेकेसे: आला असेल फिरत.

होतोके: पॉनी असे फिरत येत नाहीत.

वेकेसे: मग दादाचं थोडं सांग. मोजडीचं तेवढं बोलू नकोस.

होतोके: मग तो मागे का वळला ते काय सांगू?

वेकेसे: शूर होता म्हणून वळला.

होतोके: शूर होताच. पण वळला मोजडीसाठी.

वेकेसे: ती मोजडी तिने केलेली होती, होतोके. अख्खा हिवाळा बसली होती ती तिच्यावर. आपल्या हातच्या मोजडीसाठी पोरगा गेला हे तिला कळलं तर ती आयुष्यात पुन्हा काट्याला हात लावणार नाही. तू पाहिलं नाहीस तिला तेव्हा. तुला पाहताच येत नाही. मी पाहिलं. सुरीने पाय चिरून घेतले तिने, केस मुळापासून कापले. ते आत्ता कुठे खांद्यापर्यंत आलेत.

होतोके: सुरी हातात घेऊन खोटं बोलता येत नाही. तू त्याच शालीत बाळंत होणार आहेस.

वेकेसे: खोटं कोण बोल म्हणतंय? गाळ म्हणते.

होतोके: गाळलेलं खोटं नसतं?

वेकेसे: तसं असतं तर एकाही बाईला संसार करता आला नसता.

होतोके: मी प्रयत्न करतो.

वेकेसे: प्रयत्न नको, कर. आणि ती कुठे आहे?

होतोके: काय?

वेकेसे: मोजडी.

होतोके: पिशवीत. अगदी तळाशी, तू ठेवायला सांगितलीस तिथे.

वेकेसे: तिथेच राहू दे.

होतोके: तो म्हणाला होता, आईला दे.

वेकेसे: माहीत आहे.

होतोके: मला देता येत नाही. तू देत नाहीस. पिशवीला दे असं काही तो म्हणाला नव्हता.

वेकेसे: चल. आणि सुरी घे, ती धारेची.

होतोके: तू हो पुढे. त्या डोक्यावरून शाल घेतायत का बघ आधी. मी पिशवीतून सुरी काढून येतो.

*

वेकेसे: आई, तोंड झाकलंस? नीट ओढ. पडद्याला वर फट आहे, तिकडे बघू नकोस. होतोके, ये आत. पाठ पडद्याकडे कर. तशी नाही, अशी. आता शाल तुझ्या मांडीवर सरकवते. ही पिवळी ओळ, इथून इथपर्यंत. दिसली?

होतोके: दिसली. लाल आहे.

वेकेसे: म्हणूनच तू इथे आहेस.

अमेओत्से: वेकेसे, तिकडे पडद्यापलीकडे बसलेल्या कुत्र्याला म्हणावं, पाय लांब करून बस. दुखरा पाय दुमडू नये.

वेकेसे: कुत्र्याचे चारही पाय ठीक आहेत, आई.

अमेओत्से: ज्याचा दुखतो त्याने ऐकलं.

होतोके: कुत्र्या, बरा आहे पाय आता. विचारल्याबद्दल बरं वाटलं.

वेकेसे: मी गरोदर बाई इथे मध्ये घामाघूम होऊन बसलेय आणि तुम्ही कुत्र्याची विचारपूस करताय. सुरू कर.

होतोके: मी शालीला सांगतो. आम्ही पॉनींच्या मुलखात पायी गेलो, घोडे पळवून आणायला. येताना घोड्यांवरून आलो. बर्फ वितळायला लागलं होतं, सगळीकडे चिखल होता. पाठलाग लागला. आमची माणसं पुढे गेली. आम्ही दोघं मागे होतो, मी आणि... मागे होतो. तेवढ्यात शत्रू आला. मी त्याच्यावर उलटलो, भाल्याने त्याला पाडलं...

अमेओत्से: कुत्र्या, ‘मी आणि’ कोण?

वेकेसे: आई, सांगणं चालू असताना मध्ये बोलायचं नसतं.

अमेओत्से: मी कुत्र्याशी बोलतेय. त्याचं काही सांगणं चालू नाही.

होतोके: शालीला सांगतो. मी आणि ओकोहोमे.

अमेओत्से: हं. कुत्र्या, ते दोघं किती मागे होते?

होतोके: पॉनींच्या बरेच पुढे होतो. ओढा ओलांडला होता. तसे सुटलोच होतो.

अमेओत्से: सुटले होते तर शत्रूने गाठलं कसं?

वेकेसे: होतोके, काप आता.

होतोके: चालत नाहीये.

वेकेसे: धार लावलीस ना?

होतोके: सुरीला धार आहे. मी सांगतोय त्याला नाही.

वेकेसे: होतोके, मी तुला काय म्हणाले होते?

होतोके: तू म्हणालीस गाळ. मी गाळून पाहिलं. उरतं ते कोणाचंच नाही, वेकेसे. तो पॉनीसुद्धा म्हणेल, मी तिथे नव्हतो.

अमेओत्से: कुत्र्या, त्याला म्हणावं, शाल वाट बघतेय.

होतोके: मी शालीला सांगतो. ओढ्यातून येताना चिखलात ओकोहोमेच्या डाव्या पायातली मोजडी निघून राहिली. अलीकडे आल्यावर त्याच्या ध्यानात आलं. मी म्हटलं, सोड, पायाला कातडं गुंडाळ, घरी जाऊ. तो म्हणाला, नाही रे. आई म्हणालीय, यातली एक जरी हरवलीस तर घरी येऊ नकोस.

वेकेसे: सगळ्याच आया म्हणतात असं. मीही म्हणेन माझ्या पोराला. म्हणायची पद्धत असते ती.

अमेओत्से: गप्प बस जरा.

वेकेसे: आई...

अमेओत्से: मी म्हणाले होते. त्या दारात उभी राहून म्हणाले होते. कुत्र्या, कसा म्हणाला तो?

होतोके: हसत.

अमेओत्से: नुसता हसत, की दात काढून?

होतोके: दात काढून. म्हणाला, पॉनी परवडले, आई नको.

अमेओत्से: मग?

होतोके: मग वळला. मोजडी चिखलात तशीच उभी होती, कोणीतरी आत्ताच पाय काढून घेतल्यासारखी. तो घोड्यावरून उतरलाही नाही. पळत्या घोड्यावरून लवून उचलली. आणि लगेच निघायचं सोडून हात वर करून मला दाखवत राहिला. तेव्हा बाण लागला.

अमेओत्से: कुठे?

होतोके: इथे.

अमेओत्से: कुत्र्या, मला दिसत नाही. शब्दाने सांगायला सांग.

होतोके: डाव्या कुशीत. बरगडीच्या खाली. तो पॉनी दुसरा बाण लावत होता. मी उलटलो. माझा भाला त्याला लागला, तो पडला. मग मी खाली उतरलो आणि त्याचे केस कापले. ते हे असे कापले.

वेकेसे: कापली. आई, तात तुटली. लाल ओळ सगळी मोकळी झाली, पिवळ्या एकाही काट्याला धक्का नाही. झालं. सांगणंही संपलं. होतोके, ऊठ.

अमेओत्से: कुत्र्या, पटकन गेला का तो?

वेकेसे: संपलं म्हटलं ना, आई.

अमेओत्से: मी तुला विचारलं नाही. तुला मी बरेच दिवस विचारलं.

होतोके: नाही. पटकन नाही. सूर्य कलेपर्यंत होता. मी त्याला माझ्या घोड्यावर पुढ्यात घेतला होता. पाणी मागितलं, ते दिलं. थंडी वाजते म्हणाला, तेव्हा माझी शाल दिली. दुखत होतं त्याला. कळत होतं सगळं.

अमेओत्से: बोलला काही?

होतोके: बोलतच होता. गप्प कुठे बसायचा तो. बराच वेळ माझ्या नाकाबद्दल बोलला. म्हणाला, माझ्या आईला हे नाक कधी बघावं लागणार नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी आपला रिवाज चांगला आहे.

अमेओत्से: कसं आहे?

वेकेसे: काय कसं आहे?

अमेओत्से: नाक.

वेकेसे: मोठं आहे.

अमेओत्से: मग बरोबर बोलला.

वेकेसे: आई, रडतेयस तू. म्हणूनच मी सांगत नव्हते. मला वाटलं, तू स्वतःलाच लावून घेशील.

अमेओत्से: घेणारच. माझं बोलणं होतं ते, ते माझं मी बघेन. पण दवंडीवाल्याने सांगितलं ना, शत्रूवर एकटा उलटून गेला, तेव्हाच मला ते पटलं नव्हतं. माझं पोरगं शत्रूसाठी मागे वळणाऱ्यातलं नव्हतंच. विसरलेल्या वस्तूसाठी मात्र जन्मभर मागे पळत आलं. छावणी हलली की अर्ध्या वाटेतून परत जायचा. कधी गोफण राहिली म्हणून, कधी कुत्र्याचं पिल्लू राहिलं म्हणून. एकदा तर तुला विसरलो वाटून परत गेला, आणि तू माझ्या पाठीवर होतीस.

वेकेसे: हे मला माहीत नव्हतं.

अमेओत्से: तू झोपली होतीस. मी त्या दवंडीवाल्याच्या शूर पोरासाठी केस कापले, पाय चिरले. रडायला बसले की मला तो दिसायचाच नाही. कोणातरी परक्याच्या मुलाचं रडतेय असं वाटायचं. आता दिसला. चिखलात लवून मोजडी उचलताना दिसला. हात वर करून दाखवताना दिसला. तो माझा आहे.

वेकेसे: मग ही चूक? ती तू मुद्दाम केलीस?

अमेओत्से: नवसाच्या शालीत मुद्दाम चूक करते का कोणी? तुझ्या जिवाची शाल आहे ती. ती ओळ भरताना त्याचा विचार करत होते, हात चुकला. चूक खरी आहे.

वेकेसे: आणि वोआखे?

अमेओत्से: वोआखेला मात्र मी पाठवला.

होतोके: शालीला आणखी एक सांगायचंय.

वेकेसे: कापून झालंय, होतोके. शालीचं काम संपलं.

होतोके: मग कुत्र्याला सांगतो. कुत्र्या, हे घे. पडद्यापलीकडे त्यांच्याकडे ने.

वेकेसे: तू आणलीस ती? तळाशी राहू दे म्हटलं होतं मी.

होतोके: सुरीही तळाशीच होती.

वेकेसे: आणि कुत्र्याला काय देतोस? कातडं आहे ते. बघ, बसला चावत.

अमेओत्से: सोडव त्याच्या तोंडातून. बघत काय बसलायस?

होतोके: सोडवली. वादीला दात लागलेत थोडे. काटे शाबूत आहेत.

वेकेसे: आई, तू त्याच्याशी बोललीस. सरळ.

अमेओत्से: कुत्र्याशी बोलले.

वेकेसे: कुत्र्याला सांगितलंस, कुत्र्याच्या तोंडातून सोडव म्हणून?

अमेओत्से: मोठ्या आजीपुढे हेच सांगणार आहे. तूही हेच सांग. सरकव इकडे.

होतोके: सरकवली. आली हातात?

अमेओत्से: आली. चिखल आहे अजून.

होतोके: पुसला नाही मी.

अमेओत्से: बरं केलंस. दुसरी कुठे आहे?

होतोके: त्याच्या पायात. त्याला खडकांच्या कपारीत शेवटचा ठेवला तेव्हा होती. ती काढावीशी वाटली नाही.

अमेओत्से: म्हणजे एक त्याच्या पायात आहे आणि एक ही.

होतोके: हो.

अमेओत्से: एकही हरवली नाही.

होतोके: नाही.

अमेओत्से: मग यायला हरकत नव्हती त्याला घरी.